‘आजाराने तुला काय शिकवले?’ या प्रश्नाचे ओझे

या महिन्याच्या टपालात आलेली दोन पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : ऐन तारुण्यात झालेला कॅन्सर बरा झाला, पण त्यानंतरच्या मनाचे काय करायचे? पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे आणि गावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी औसा तालुक्यातील आहे, वय २७. बी.एस्सी.नंतर लातूरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असताना, वयाच्या २४व्या वर्षी, माझ्या मानेत गाठ आली आणि हॉजकिन लिम्फोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचे, निदान झाले. परळला उपचार घेतले. चार औषधांच्या केमोचे बारा डोस सहा महिन्यांत झाले. त्यांतले एक औषध लाल रंगाचे होते, आणि अजूनही रसनेचा पेला समोर आला की मला मळमळते. काही डोसांना आम्ही लातूर एक्स्प्रेसने ये-जा केली, काही काळ आई आणि मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. उपचार संपून सव्वादोन वर्षे झाली आणि आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत.

गेल्या महिला दिनाला एका महाविद्यालयाने मला बोलावले. ‘तुम्ही वाघीण आहात,’ असे म्हणून निवेदिकेने विचारले, ‘या आजाराने तुम्हाला काय शिकवले?’ आयुष्य सुंदर आहे, प्रत्येक क्षण जगावा, कॅन्सरने मला नवा जन्म दिला, असे मी पाठ केल्यासारखे बोलले. टाळ्या वाजल्या. घरी येऊन मी रात्रभर रडले, कारण त्यातले एकही वाक्य माझे नव्हते. खरे हे आहे की तपासणीच्या पंधरा दिवस आधीपासून मला झोप लागत नाही आणि दिवसातून दहा वेळा मी मान चाचपते. धर्मशाळेत आमच्या शेजारी परभणी जिल्ह्यातली माझ्याच वयाची मुलगी होती. आम्ही एकत्र जेवायचो. ती गेल्या वर्षी गेली. माझ्याबरोबर अभ्यास करणारी मैत्रीण आता तलाठी आहे, आणि मी पुन्हा पहिल्या पानावर आहे. घरात स्थळे पाहणे सुरू झाले आहे. आजाराचे सांगू नये, असे मामांचे म्हणणे आहे. इतरांना आजारातून काहीतरी मिळते, मला काहीच का मिळाले नाही? मी कृतघ्न आहे का? आणि स्थळाला सांगावे का?

उत्तर : प्रिय भगिनी, तुम्ही कृतघ्न नाही. त्या दिवशी व्यासपीठावर तुम्हाला जो प्रश्न विचारला गेला तो चांगल्या हेतूने विचारलेला असला तरी चुकीचा होता, आणि चुकीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तुमच्याजवळ नव्हते याचे वैषम्य तुम्ही मानू नये. आजार काही शिकवत नाही. पेशींची अनियंत्रित वाढ एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यात गुरू शोधण्याचे बंधन रुग्णावर नसते.

तुमच्याकडून ज्या बदलाची अपेक्षा केली जाते, त्याला मानसशास्त्रात ‘आघातोत्तर वाढ’ म्हणतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट येथील रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात ही संकल्पना मांडली आणि १९९६ मध्ये ती मोजण्यासाठी २१ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ही कल्पना समजावताना त्यांनी उपमा वापरली ती भूकंपाची. मोठा आघात होतो तेव्हा ‘मी तरुण आहे, मला काही होणार नाही’, ‘चांगले वागणाऱ्याचे चांगले होते’ यांसारख्या ज्या समजुतींवर आपण रोजचे जगणे उभे केलेले असते, त्याच हादरून कोसळतात, असे ते सांगतात. औशाच्या माणसाला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. किल्लारी तुमच्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपलेले असताना पहाटे चारच्या सुमारास काय झाले, हे तुमच्या जन्मापूर्वीचे असूनही तुम्ही घरात ऐकले असेल. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे माणसांवर आली. नंतर नवी गावे वसली, भूकंपाचा धक्का सोसतील अशी घरे बांधली गेली. ती घरे भूकंपाने दिली, असे किल्लारीत कोणी म्हणत नाही. ती माणसांनी बांधली, मेलेल्यांना अग्नी देऊन झाल्यावर, कैक महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढल्यावर, आणि नव्या पक्क्या घरातही कितीतरी दिवस डोळा न लागता.

वाढीचे हे असेच असते. टेडेस्की आणि कॅल्हून यांचेही म्हणणे हेच आहे की वाढ घडते ती आघातामुळे नव्हे. आघातानंतर माणूस मोडलेल्या समजुतींची जी जुळवाजुळव करतो, तिच्यातून ती घडते. हे काम दिसत नाही, त्याला वेळ लागतो आणि ते चालू असताना माणूस दुःखी असू शकतो. दुःख आणि वाढ ही तराजूची दोन पारडी नाहीत. एक वर गेले की दुसरे खाली येईल असे त्यांचे नाते नसते, दोन्ही एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात. म्हणून तपासणीच्या आधी झोप उडणे हा तुम्ही खचल्याचा पुरावा ठरत नाही.

त्या प्रश्नावलीत वाढीची पाच अंगे धरलेली आहेत : माणसांशी जवळीक, आयुष्यात नव्या शक्यता दिसणे, स्वतःच्या बळाची जाणीव, आध्यात्मिक बदल आणि जगण्याचे मोल कळणे. पाचही अंगांत बदल व्हावा अशी अट नाही, एकाही अंगात झाला नाही तरी माणूस नापास होत नाही. या संकल्पनेवर आक्षेपही आहेत आणि ते मला महत्त्वाचे वाटतात. ‘मी बदललो’ असे माणूस सांगतो आणि तो प्रत्यक्षात बदललेला असतो, या दोन गोष्टी नेहमी जुळत नाहीत, असे संशोधकांना आढळले आहे. कधी कधी ‘मी घडलो’ असे म्हणणे हा वेदना सुसह्य करण्याचा एक मार्ग असतो. तो मार्ग कोणी स्वतःहून धरला तर त्याला हसू नये. पण तो दुसऱ्याने आपल्या गळ्यात हारासारखा घातला, की त्याचे तेच होते जे तुमच्या बाबतीत त्या रात्री झाले. टाळ्यांचे वाक्य आपले नव्हते हे ज्या मनाला सलले, ते मन मला प्रामाणिक वाटते, आणि त्या प्रामाणिकपणाला मी टाळ्यांपेक्षा मोठे मानते.

वाढीहून वेगळी आणखी एक गोष्ट आहे, तिला आपण साधेपणाने चिवटपणा म्हणू. माणूस नवे काही न मिळवता पुन्हा आपल्या वाटेला लागतो, पुस्तक उघडतो, पोळ्या लाटतो, ठरलेल्या तारखेला तपासणीला जातो. हे कमी प्रतीचे नाही. संकटानंतर बहुसंख्य माणसे असेच उभी राहतात, त्यांच्यावर कोणी भाषण ठेवत नाही, इतकेच. सव्वादोन वर्षांत तुम्ही एकही तपासणी चुकवलेली नाही आणि अभ्यासाला पुन्हा बसला आहात, हे तुमच्या पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे. मी ते दोनदा वाचले.

आता तुमच्या वयाविषयी. कॅन्सरच्या जगात १५ ते ३९ या वयोगटाचा आता वेगळा विचार होतो, आणि त्याचे कारण तुमच्या पत्रात स्वच्छ दिसते. साठीच्या माणसाला आजार झाला तर त्याचे घर, संसार, नोकरी उभी असते. विशी-पंचविशीत यांतले काहीच उभे नसते, उभे करण्याची नुकती सुरुवात झालेली असते, आणि नेमक्या त्या वेळी आजार तुम्हाला खोलीवरून उचलून पुन्हा आईच्या मांडीवर नेऊन ठेवतो. बरोबरीचे पुढे जातात. मैत्रिणीच्या नियुक्तीचा आनंद आणि स्वतःच्या मागे पडण्याचा सल एकाच वेळी वाटतो, आणि त्या सलाची पुन्हा लाज वाटते. लाज वाटू देऊ नका. हे हरवलेल्या दोन वर्षांचे दुःख आहे, आणि दुःख करण्याचा अधिकार फक्त मृत्यूच्या दारात नेऊन ठेवल्यावरच मिळतो असे नाही.

अमेरिकेतील एक डॉक्टर फिट्झह्यू मुलन यांना स्वतःला ऐन तारुण्यात, बत्तिसाव्या वर्षी, छातीत कॅन्सर झाला होता. १९८५ मध्ये त्यांनी लिहिले की कॅन्सरमधून वाचणे ही एका दिवसाची घटना नसून तिचे तीन ऋतू असतात. पहिला निदान आणि उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, ज्यात रुग्णालयाचा आधार सुटलेला असतो, शरीर पूर्ववत झालेले नसते आणि आजार परत येण्याची भीती मुक्कामाला असते. तिसरा स्थिरावलेल्या आयुष्याचा. तुम्ही दुसऱ्या ऋतूत आहात आणि लोक तुमच्याकडून तिसऱ्या ऋतूचे पीक मागत आहेत. हॉजकिन लिम्फोमा परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. म्हणजे तुमची भीती वेडेपणाची नाही, आणि ती आहे तशी कायम राहणारही नाही. मान दिवसातून दहा वेळा चाचपण्याऐवजी डॉक्टरांना एकदाच नीट विचारा की काय दिसले तर वाट न पाहता यायचे. न जाणारी किंवा वाढणारी गाठ, कारण नसलेला ताप, रात्री अंग भिजवणारा घाम, घटणारे वजन, असे ते साधारण सांगतील. ते कागदावर लिहून ठेवा आणि मान तपासण्याचा महिन्यातला एक दिवस डॉक्टरांशी बोलून ठरवा. पंधरा दिवसांच्या धास्तीत घरातल्या एका माणसाला सामील करून घ्या. नुसते ‘तारीख जवळ आली आहे’ एवढे सांगितले तरी चालते.

मनातल्या विचारांचे म्हणाल, तर त्यांचे दोन प्रकार असतात. एक न बोलावता येणारा, त्याच त्या जागी फिरणारा : मलाच का झाले, परत आले तर. हे रिकामे जाते फिरवण्यासारखे आहे. दगडावर दगड घासतो आणि पीठ पडत नाही. दुसरा जाणूनबुजून केलेला विचार, ज्यात आपण मूठभर दाणे वैरतो : नेमके काय गेले, काय उरले, आता मला कोणती गोष्ट पूर्वीइतकी महत्त्वाची वाटत नाही. वाढ झालीच तर ती या दळण्यातून होते. आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर बसून जे दुःख ओवीत घातले, ते कोणाला दाखवण्यासाठी घातले नव्हते. तुम्हाला ओवी सुचावी अशी माझी अपेक्षा नाही, पण सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे, शुद्धलेखनाची पर्वा न करता, त्या सहा महिन्यांविषयी लिहून पाहा. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच पद्धत वापरली होती. कागद कोणाला दाखवू नका, हवे तर नंतर फाडून टाका. लिहिल्यावर त्रास उतरण्याऐवजी वाढतच गेला, तर थांबा. प्रत्येकाला ते मानवतेच असे नाही.

परभणीच्या त्या मुलीविषयी तुम्ही तीनच वाक्ये लिहिली आहेत आणि मला वाटते पत्रातले सर्वांत जड तेच आहे. ती गेली आणि मी राहिले, यात तुम्ही काही हिरावून घेतलेले नाही. औषधाला प्रत्येक शरीर वेगळा प्रतिसाद देते, आणि तिने कमी जिद्द धरली म्हणून ती गेली असे मुळीच नाही. ‘वाघीण’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो, कारण तो वाचलेल्याला शूर ठरवताना गेलेल्यावर नकळत हार लादतो. तिच्या आईचा नंबर तुमच्या आईकडे असेल, तर एकदा फोन करून ती जेवताना काय बोलायची ते सांगा. त्या घरात आता तिचे नाव निघाले की सगळे गप्प होत असतील. ऋण फेडायचे म्हणून फोन करू नका. आठवण येते म्हणून करा.

स्थळाचे उत्तर मी थोडक्यात देते. सांगा, आणि सुपारी फुटण्याआधी सांगा. पहिल्याच बैठकीत सगळ्या पाहुण्यांसमोर सांगण्याची गरज नाही. बोलणी पुढे जातील असे दिसले की मुलाला स्वतः सांगा, सोबत फाईल ठेवा. मामांची काळजी मी समजू शकते, पण दर सहा महिन्यांनी तपासणीला कोणते कारण सांगून जायचे, हा प्रश्न लपवालपवीनंतर आयुष्यभर तुमच्या एकटीच्या डोक्यावर राहील. कॅन्सर स्पर्शाने किंवा सहवासाने पसरत नाही, हे पाहुण्यांना सांगावे लागले तर न चिडता सांगा. मूल होण्याविषयी अंदाजाने काही मानू नका. हॉजकिनसाठी नेहमी दिला जाणारा चार औषधांचा उपचारक्रम स्त्रीबीजांना इतर काही केमोंइतका मारक नसतो, परंतु तुमच्यापुरते उत्तर तुमचे डॉक्टरच तपासणी करून देतील. त्या चारांपैकी लाल औषधाचा हृदयावर आणि दुसऱ्या एकाचा फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो. तेव्हा पुढे कधी गरोदरपण आले किंवा भूल द्यावी लागली, तर ही फाईल त्या डॉक्टरांना आधी दाखवायची आहे. लपवण्याजोगा कागद तो नाही.

झोप न येणे तपासणीनंतरही थांबले नाही, भूक गेली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या पत्राची वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, तेथे मराठीत बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

प्रश्न : ताई, मी वसमत भागातला शेतकरी आहे. माझ्या मुलाला १९व्या वर्षी गुडघ्याजवळच्या हाडाचा कॅन्सर झाला. केमो झाली, हाड काढून आत कृत्रिम सांधा बसवला. आता तो २२ वर्षांचा आहे. बरा आहे, पण दिवसभर मोबाइल घेऊन पडून असतो. आम्ही त्याला कसलेच काम लावत नाही, कसलीच काळजी कानावर घालत नाही. उपचारासाठी दोन एकर गहाण आहे, तेही त्याला सांगितलेले नाही. काही बोललो तर चिडतो. त्याच्या मनात उमेद कशी आणावी?

उत्तर : नमस्कार भाऊ. तुम्ही मुलासाठी जमीन गहाण ठेवली आणि ते त्याच्यापासून जपून ठेवले, यातली माया मला दिसते. तरीही जे मी सांगणार आहे ते तुम्हाला थोडे कठोर वाटेल. ज्या घरात २२ वर्षांच्या माणसाला काहीच सांगितले जात नाही आणि काहीच करू दिले जात नाही, त्या घरात तो अजून आजारीच असतो. त्याचा सांधा बदलला, पण तुमच्या नजरेतली खाट हललेली नाही. तो चिडतो ते बहुधा यावरच.

गहाणाचे त्याला कळले नसेल असे मला वाटत नाही. सातबारा, सोसायटीची नोटीस, चुलत्याचा एखादा शब्द, घरात या गोष्टी लपत नाहीत. त्याला अर्धवट कळलेले असेल आणि ‘माझ्यामुळे झाले’ हा भार तो एकटा वाहत असेल. त्याला समोर बसवून रक्कम, व्याज आणि फेडीची मुदत सगळे सांगा. सांगताना उपकाराचा सूर नको. शेजाऱ्याच्या बांधाविषयी ज्या आवाजात बोलता त्याच आवाजात बोला. आणि मग ‘पुढे कसे करावे, तुला काय वाटते?’ असे विचारून गप्प राहा. उत्तर त्याच दिवशी येणार नाही.

मघाशी मी वाढीच्या ज्या अंगांचा उल्लेख केला, त्यांतील ‘स्वतःच्या बळाची जाणीव’ समजावून येत नाही, वापरून येते. कोणते काम पायाला चालेल हे फिजिओथेरपिस्टला विचारा. उड्या, पळणे, जड ओझे बहुधा वर्ज्य असेल, पण आडतीवरचा व्यवहार, मजुरांचा हिशेब, पंपाच्या वेळा, खताची खरेदी यांना गुडघ्याने अडवलेले नाही. शिक्षण कोठे थांबले तेही विचारा आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो का ते पाहा. त्याला तो शब्द आवडला नाही तर आग्रह मात्र धरू नका.

त्याच्याशी आजारावर बोलायचे असेल, तर उमेद देण्याची घाई करू नका. ‘झाले गेले विसर’ हे वाक्य आपण आपल्या समाधानासाठी म्हणतो. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘आता बोलू नको’ असा लागतो, आणि ज्यांना जवळच्या माणसांसमोर बोलताच येत नाही त्यांचा त्रास जास्त काळ टिकतो. बापापाशी तो बोलणार नाही अशी शक्यता आहे. त्याच वाटेने गेलेल्या मुलांपाशी बोलेल. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा गट २००९ पासून आहे. लहान वयात कॅन्सरमधून बरे झालेली तरुण मंडळी तो चालवतात. ज्या मोबाइलवर तुमचा राग आहे, त्याच मोबाइलवरून तो त्यांना गाठू शकेल.

या हंगामात हळद वसमतच्या बाजारात जाईल तेव्हा गाडीबरोबर त्याला पाठवा आणि तुम्ही घरी थांबा. पट्टी त्याच्याच हातात येऊ द्या, हमाली-तोलाई त्यालाच मोजू द्या, आणि हिशेबात चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करायलाही त्यालाच पाठवा.